पहिली नोंद कोणी करायची?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, चंदगड येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

सकाळपासून आठवणींचा पाऊस पडतोय, आणि चंदगडचा पाऊस म्हटल्यावर तो लवकर थांबत नाही. जेवणाआधीचं भाषण माझ्या वाट्याला आलंय, म्हणून घड्याळाकडे बघतच बोलते.

आयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ यावर बोलायला सांगितलं होतं. दहावी-बारावीच्या मुलांशी त्याबद्दल मी दुपारी निवांत बोलणार आहे. पण आज या मांडवात शिक्षक आहेत, सरपंच आहेत, एसटीत आणि पोलिसात नोकरी केलेले आहेत, कारखान्यावर कामाला असलेले आहेत, गोव्यात आणि मुंबईत हॉटेल चालवणारे आहेत. एवढी वेगवेगळी माणसं एका जागी पुन्हा कधी सापडणार? म्हणून असा विषय घेतला, जो एकट्यादुकट्याच्या हातून सुटत नाही. विषय आहे रस्त्यावर राहणाऱ्या मुलांच्या हक्कांचा आणि संरक्षणाचा.

काहींच्या मनात लगेच येईल, हा मुंबई-पुण्याचा प्रश्न. चंदगडात कुठं आहेत रस्त्यावरची मुलं? आपल्याकडे ना रेल्वे स्टेशन, ना सिग्नल. रास्त शंका आहे. तिचं उत्तर देण्याआधी थोडे आकडे सांगते.

2021 साली सर्वोच्च न्यायालयानं रस्त्यावरच्या मुलांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं ‘बाल स्वराज’ नावाच्या पोर्टलवर खास या मुलांसाठी एक विभाग केला होता. प्रत्येक जिल्ह्यानं अशी मुलं शोधून त्यांची माहिती त्यावर भरायची, असं ठरलं. देशात अशी मुलं 15 ते 20 लाख असावीत, असा अंदाज आयोगाकडून न्यायालयात सांगण्यात आला. आणि 2022 च्या फेब्रुवारीपर्यंत पोर्टलवर भरली गेलेली मुलं किती होती? 17,914. म्हणजे अंदाज खालचा धरला तरी शंभरातल्या दोघांचीसुद्धा नोंद झालेली नव्हती. त्यात सर्वाधिक नोंदी महाराष्ट्राच्या होत्या, 4,952. आपल्याकडे मुलं जास्त असतील, किंवा आपण शोधली जास्त असतील. नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही.

या 17,914 मुलांची फोड मला फार महत्त्वाची वाटते. त्यातली 9,530 मुलं आपल्या कुटुंबासोबतच रस्त्यावर राहणारी होती. 7,550 मुलं दिवसभर रस्त्यावर असायची आणि रात्री वस्तीत घरच्यांकडे परत जायची. आणि अगदी एकटी, कुणीही सोबत नसलेली मुलं होती 834. शंभरात पाचसुद्धा नाहीत.

आपल्या डोळ्यांसमोर ‘रस्त्यावरचं मूल’ म्हटलं की घरातून पळून आलेला, स्टेशनवर झोपणारा एकटा पोरगा येतो. सिनेमांनी तेच दाखवलं. प्रत्यक्षात बहुतेक मुलांना आई आहे, बाप आहे, भावंडं आहेत. नाही ती डोक्यावर धड छप्पर, गावात कायमचा पत्ता आणि शाळेच्या हजेरीपटावर नाव. आता हे वर्णन ऐकून पुन्हा विचारते. चंदगड तालुक्यात अशी मुलं नाहीत?

दिवाळी झाली की हलकर्णी, राजगोळी, म्हाळुंग्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर बघा. टोळ्या उतरलेल्या असतात. बीडकडून, मराठवाड्यातून, विजापूरकडून आलेल्या. रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर खोपी पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत काम. पहाटे अंधारात दोघं फडात जातात आणि खोपीत राहतं कोण? आठ-दहा वर्षांची थोरली पोर, तिच्या कडेवर धाकटं. समोरून उसाचे ट्रॅक्टर जातायत. वीटभट्टीवर जा, तेच चित्र. डांबर टाकणाऱ्या मजुरांच्या पालावर जा, तेच. आपण त्यांना ऊसतोडीची पोरं म्हणतो, भट्टीवरची पोरं म्हणतो. रस्त्यावरची पोरं म्हणत नाही, एवढाच फरक.

आणि दुसरी बाजूही आहे. आपला तालुका जसा मजूर आणतो तसा तो मजूर पाठवतोही. गिरण्या होत्या तेव्हा माणसं मुंबईला गेली. नंतर गोव्यात, बेळगावात, पुण्यात हॉटेलात, बांधकामावर गेली. त्यांच्यामागे एखादा आठवी नापास पोरगा कुणाच्या तरी ओळखीनं कपबशा विसळायला जायचा, हे या मांडवातल्या वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको. मालकाशी पटलं नाही, पगार दिला नाही, मार बसला, की तो पोरगा हॉटेलच्या मागच्या दारातून बाहेर पडतो. गावी परत यायची लाज वाटते. मग तो कुठं झोपतो? तेव्हा ही मुलं कुठल्या तरी दुसऱ्या जगातली नाहीत.

आता नोंद नसण्याची किंमत काय असते, ते सांगते. उदाहरण आपल्याच जिल्ह्याशी जोडलेलं आहे आणि कटू आहे. लहान मुलं समोर बसली आहेत, म्हणून तपशिलात जात नाही.

गावित मायलेकींचं प्रकरण मोठ्यांना आठवत असेल. आई आणि दोन मुली चोऱ्या करायच्या, आणि चोरी करताना संशय येऊ नये म्हणून कडेवर लहान मूल बाळगायच्या. 1990 ते 1996 या काळात त्यांनी 13 मुलं पळवली, असा आरोप होता. त्यातल्या पाच मुलांच्या खुनाबद्दलची शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं 2001 मध्ये दोन्ही बहिणींना फाशी सुनावली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला झालेल्या विलंबामुळे 2022 मध्ये उच्च न्यायालयानं तिचं रूपांतर जन्मठेपेत केलं. कायद्याचा भाग झाला तो एवढा.

मला त्यातली दुसरीच गोष्ट अस्वस्थ करते. अगदी सुरुवातीला पळवलेल्या मुलांपैकी एक कोल्हापुरात भीक मागणाऱ्या बाईचं मूल होतं. हे सगळं चालू राहिलं सहा वर्षं. उघडकीला आलं ते कशामुळे? त्या टोळीच्याच नात्यातली एक मुलगी नाहीशी झाली होती, आणि तिच्या घरच्यांनी नावानिशी तक्रार लावून धरली. म्हणजे ज्या मुलीच्या मागे पोलीस ठाण्यात जाऊन बोलणारं माणूस होतं, तिच्यामुळे इतरांचा पत्ता लागला. भीक मागणाऱ्या आईचं मूल हरवलं तर ती कुणाला सांगणार होती? आणि तिनं सांगितलं असतं तर कुणी लिहून घेतलं असतं?

आज परिस्थिती निदान कागदावर तरी वेगळी आहे. 10 मे 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर आदेश दिला की मूल हरवल्याची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे, आणि मूल पळवलं गेलं असावं असं गृहीत धरून तपास सुरू केला पाहिजे. ‘येईल संध्याकाळपर्यंत, वाट बघा’ हे उत्तर आता चालत नाही. आई-बाप पालावरचे असोत नाहीतर बंगल्यातले. हे आपल्याला माहीत असायला हवं, कारण पालावरच्या बाईसोबत पोलीस ठाण्यापर्यंत जाणारं माणूस आपल्यातूनच निघायचं आहे.

1996 हेच साल दुसऱ्या एका कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकारानं मुलांसाठीची चाइल्डलाइन सुरू झाली. स्टेशनच्या आसपास राहणाऱ्या मुलांबरोबर त्यांचं काम होतं. रात्री-अपरात्री ताप आला, कुणी मारलं, पोलिसांनी नेलं, तर त्या मुलांनी हाक कुणाला मारायची, यातून हा फोन निघाला. नंबर 1098. पैसे न टाकता कुठल्याही सार्वजनिक फोनवरून लागणारा. तो ‘एक हजार अठ्ठ्याण्णव’ असा न म्हणता ‘दस, नौ, आठ’ असा उलटी गिनती केल्यासारखा म्हणायचा, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या पोरालाही पाठ होईल, ही कल्पनाही मुलांचीच, असं सांगतात. फोन आल्यावर मदतीला जाणाऱ्यांत स्वतः रस्त्यावर वाढलेले तरुण होते.

मी ज्या व्यवसायात आहे त्यात आम्ही रोज म्हणतो, वापरणाऱ्या माणसाला विचारून वस्तू बनवा. म्हणतो खूप, करतो कमी. इथं ज्यांच्याकडे चपलासुद्धा नव्हत्या अशा मुलांना विचारून एक सेवा उभी राहिली आणि देशभर पोचली. 2023 पासून ही सेवा थेट सरकारकडे गेली आहे आणि 112 या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली आहे. नंबर मात्र तोच आहे, दहा-नऊ-आठ.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते, कारण या बाबतीत आपल्याकडे दयेची भाषा फार आणि हक्काची कमी चालते.

संयुक्त राष्ट्रांचा बाल हक्क करार 1989 चा. भारतानं तो 1992 मध्ये स्वीकारला. आपल्या 2015 च्या बाल न्याय अधिनियमानं ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ कोण, याची यादी दिली आहे. तिच्यात रस्त्यावर राहणारं, भीक मागताना आढळलेलं, बेकायदा कामाला लावलेलं मूल स्पष्टपणे येतं. वय अठराच्या आत. लक्षात घ्या, हे मूल गुन्हेगार नाही. त्याला पकडायचं नसतं, त्याचं संरक्षण करायचं असतं. पकडायचं कुणाला? जो त्याला भीक मागायला लावतो त्याला. त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड सांगितला आहे.

प्रत्येक जिल्ह्यात एक बाल कल्याण समिती असते. एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यांत किमान एक महिला. असं मूल सापडलं तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत समितीपुढे आणावं लागतं. आणणारा पोलीसच असला पाहिजे असं नाही. परिचारिका, शिक्षक, कुणीही जागरूक नागरिक त्याला घेऊन जाऊ शकतो. मूल स्वतःही जाऊ शकतं. आणि पालकांपासून ताटातूट झालेलं, बेवारस मूल दिसलं, तर चोवीस तासांत 1098 ला, पोलिसांना किंवा समितीला कळवणं ही कायद्यानं प्रत्येकाची जबाबदारी आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपण समजतो की कळवलं तर उपकार. कायदा म्हणतो, नाही कळवलं तर अपराध.

पुढे काय होतं, याची भीती मुलांनाही असते आणि आई-बापांनाही. गाडी येणार, पोरं उचलणार, कुठं तरी कोंडणार. ही भीती अगदीच निराधार नाही. पूर्वी तसंच व्हायचं आणि आजही काही ठिकाणी होतं. म्हणूनच मघाची 834 ही संख्या ध्यानात ठेवायची. बहुतेक मुलांना कुटुंब आहे. कायद्याचंही तत्त्व हेच आहे की संस्था हा शेवटचा उपाय, आधी कुटुंब. मुलाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय त्याच्याबद्दल निर्णय घ्यायचा नाही. कुटुंब सावरलं तर मूल सावरतं. त्यासाठी योजना आहेत. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या किंवा संकटात असलेल्या मुलाला महिन्याला 2,250 रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे 4,000 रुपये आहेत. अर्ज मात्र कुणीतरी भरून द्यावा लागतो. बाप वारल्यावर पोरगा शाळा सोडून हॉटेलात जातो, त्या वेळी त्या घरापर्यंत हा अर्ज पोचला असता तर तो गेला नसता, अशी किती घरं तुम्हाला आठवतात, मनातल्या मनात मोजा.

जिथं कुटुंब खरोखरच नाही, तिथं चांगल्या संस्थांची गरज आहेच. आपल्या कोल्हापुरात बालकल्याण संकुल आहे. अनुराधा भोसले यांच्या ‘अवनि’नं कचरा वेचणाऱ्या, वीटभट्टीवरच्या मुलांसाठी वर्षानुवर्षं काम केलं आहे. यातलं विशेष म्हणजे मूल शाळेपर्यंत येण्याची वाट न बघता शाळाच भट्टीपर्यंत गेली. काही मोठ्या शहरांत आता सरकारची फिरती पथकंही सुरू झाली आहेत, बस घेऊन मुलांपर्यंत जाणारी. विचार तोच आहे.

मी संगणकावर काम करणारी, म्हणून लोक मला विचारतात, आता तुमचं तंत्रज्ञान एवढं पुढं गेलंय, ते या मुलांना शोधणार नाही का? त्याचंही उत्तर देते.

2018 च्या एप्रिलमध्ये दिल्ली पोलिसांनी चेहरा ओळखणारी प्रणाली वापरून पाहिली. बालगृहांतल्या सुमारे 45,000 मुलांचे फोटो हरवलेल्या मुलांच्या फोटोंशी ताडून पाहिले आणि चार दिवसांत 2,930 मुलं जुळल्याचं सांगितलं. देशभर कौतुक झालं. पुढच्याच वर्षी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगितलं की ही प्रणाली मुलगा आणि मुलगी यांतसुद्धा धड फरक करू शकत नाही. माझ्या व्यवसायातली माणसं पहिली बातमी मोठ्यानं सांगतात आणि दुसरी सांगत नाहीत, म्हणून दोन्ही सांगितल्या.

पण समजा, उद्या ती प्रणाली अगदी बिनचूक झाली. तरी ती काय करते? एका यादीतला फोटो दुसऱ्या यादीतल्या फोटोशी जुळवते. दोन्हीकडे नोंद असेल तरच काम होतं. खोपीतल्या पोरीचा फोटो कुणी काढलाय? तिच्या जन्माची नोंद कुठल्या गावात आहे? ती हरवली तर तक्रार कुठं होणार, बीडला की चंदगडला? यंत्राला दिलेली माहितीच तेवढी दिसते. न दिलेली माहिती त्याच्या लेखी नसतेच. ‘बाल स्वराज’ पोर्टलवर मुलाची माहिती भरण्यापासून ते त्याची चौकशी, त्याच्यासाठीचा आराखडा, समितीचा आदेश, योजनेचा लाभ आणि पुढचा पाठपुरावा असे सहा टप्पे आहेत. टप्पे नीट विचार करून ठरवलेले आहेत. पण पहिलाच टप्पा झाला नाही तर पुढचे पाच रिकामे राहतात. आणि पहिला टप्पा कुठलाही संगणक करत नाही. तो खोपीसमोर उकिडवं बसून ‘बाळ, तुझं नाव काय?’ असं विचारणारा माणूस करतो.

आपल्या तालुक्याची आणखी एक अडचण आहे, ती सीमेची. 1956 पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यात होतं, मग कोल्हापुरात आलं. आजही आपलं दवाखान्याचं, बाजाराचं बरंचसं बेळगावलाच. कोल्हापूर शंभरावर किलोमीटर, बेळगाव त्याच्या निम्म्याहून जवळ. पण मुलाच्या बाबतीत मधे राज्य बदलतं. शिनोळीला सापडलेलं मूल कोल्हापूरच्या समितीकडे जाणार, तिथून दोन मैलांवर सापडलेलं बेळगावच्या. मूल फक्त कन्नड बोलत असेल तर अजून पंचाईत. कायद्यात यावरही उत्तर आहे. मूल ज्या जिल्ह्यातलं आहे तिथल्या समितीकडे त्याला सोपवायचं असतं. पण ते घडायला दोन कार्यालयांत फोन व्हावे लागतात, भाषा येणारा माणूस लागतो. चंदगडच्या माणसाला मराठी येते, कोकणी कळते, कन्नड तोडकंमोडकं का होईना जमतं. देशातल्या कुठल्याही मोठ्या संस्थेला सहज न मिळणारी गोष्ट आपल्या पाटणे फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर मिळते. तिचा उपयोग करू या.

आता शेवटचा भाग. भाषण ऐकून टाळ्या झाल्या आणि जेवायला बसलो, असं होऊ नये म्हणून पाच कामं सांगते. कुणालाही नोकरी-धंदा सोडून करावी लागणार नाहीत अशी.

पहिलं, आत्ता फोन काढा आणि 1098 सेव्ह करा. मी थांबते. ...झालं? धन्यवाद.

दुसरं, शिक्षकांसाठी. हंगामात टोळ्या उतरल्या की पहिल्या आठवड्यात आपल्या शाळेच्या हद्दीतल्या खोपींवर एक फेरी मारा. शिक्षण हक्क कायद्यानं वयानुसार वर्गात प्रवेश द्यावाच लागतो. जन्माचा दाखला नाही किंवा मागच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक असतं. येताना ते मागून घ्या आणि हंगाम संपून टोळी परत निघाली की आपल्याकडून भरून द्या. चार-पाच महिने का होईना, त्या मुलाचं नाव एका हजेरीपटावर असेल. आणि रोज सकाळी कुणीतरी त्याच्या नावानं हाक मारेल, ही गोष्ट शिक्षणापेक्षा कमी नाही. ज्याला रोज हाक मारली जाते, तो नाही आला तर विचारणाही होते.

तिसरं, सरपंच आणि सदस्यांसाठी. गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. कागदावर असेलही. तिची बैठक दिवाळीच्या आधी घ्या. अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, मुख्याध्यापक यांना बोलवा. एकच विषय ठेवा, या वर्षी आपल्या शिवारात किती मुलं येणार आणि आपल्या गावातली किती बाहेर गेली. खोपीतल्या तीन वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतला आहार मिळाला तर थोरलीच्या कडेवरचं ओझं उतरतं, आणि ती शाळेत येऊ शकते.

चौथं, हॉटेल आणि दुकानं चालवणाऱ्या आपल्या मंडळींसाठी. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं पूर्णपणे बेकायदा आहे, हे तुम्हाला माहीत आहे. मी कायद्यासाठी नाही, शाळेच्या नात्यानं सांगते. गावाकडून कुणी पोरगा घेऊन आलं आणि म्हणालं, ‘घरची परिस्थिती नाजूक आहे, ठेवून घ्या,’ तर त्याला जेवू घाला आणि त्याच्या शाळेतल्या सरांना फोन लावा. ते सर आपल्यापैकीच कुणीतरी असतील.

पाचवं, आपल्या सगळ्यांसाठी, विशेषतः व्हॉट्सअ‍ॅपवर असणाऱ्यांसाठी. एकटं, रडणारं मूल दिसलं की त्याचा फोटो काढून ‘जास्तीत जास्त शेअर करा’ असं लिहू नका. हेतू चांगला असतो, पण अशा मुलाची ओळख उघड करायला कायद्यानं मनाई आहे, आणि त्याला कारण आहे. मूल घरातल्या छळामुळे पळालं असेल तर आपण त्याचा पत्ता त्याच माणसाला कळवतो. आणि त्याला पळवून न्यायला टपलेल्यालाही. फोटो ग्रुपवर न टाकता दहा-नऊ-आठ लावा, आणि मदत येईपर्यंत मुलाजवळ थांबा. त्याला पाणी द्या, नाव विचारा. प्रश्नांची सरबत्ती करू नका.

‘एवढ्यानं काय होणार?’ असंही कुणी म्हणेल. ऊसतोडीची उचल संपणार नाही, मराठवाड्यातला दुष्काळ संपणार नाही, दारू संपणार नाही. खरं आहे. ते बदलायला वेगळा लढा लागतो आणि तो लढणारी माणसंही आपल्याकडे आहेत. पण मूल आज आठ वर्षांचं आहे. सगळं बदलेपर्यंत ते अठराचं होऊन जाईल. त्याचं बालपण थांबून राहत नाही, म्हणून आपल्यालाही थांबता येत नाही.

शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया मोठा होता. त्या कायद्याची जरब आई-बापांना होती, पण त्याआधी एक काम राज्यकारभाराला स्वतः करावं लागत होतं. कुठल्या घरात शाळेच्या वयाचं मूल आहे, याची यादी करावी लागत होती. दंड करायला तरी मूल आहे हे माहीत हवं ना! आज शंभर वर्षांनंतर आपल्या रस्त्याकडेच्या खोपीतल्या मुलांची यादी आपल्याकडे नाही. ती करू या.

माझी सूचना अशी की पुढच्या मेळाव्यात आपण देणगीचे आकडे वाचून दाखवतो तसाच आणखी एक आकडा वाचून दाखवावा. या हंगामात तालुक्यातल्या किती खोपींपर्यंत माजी विद्यार्थी पोचले, किती मुलं हजेरीपटावर आली, 1098 ला किती फोन केले. आकडा लहान असला तरी चालेल. मला फॉर्म बनवता येतो, तो मी बनवून देईन. मोबाइलवर भरता येईल असा, मुलाचं नाव-फोटो गावभर फिरणार नाही असा. पण भरायला माणसं तुम्ही हवीत.

मला जे काही करता आलं त्याची सुरुवात या शाळेच्या हजेरीपटावर कुणीतरी माझं नाव लिहिलं तिथून झाली. ते लिहिणाऱ्या आणि रोज हाक मारणाऱ्या सगळ्या सरांना आणि बाईंना नमस्कार करते. जेवण तयार आहे असा निरोप आलाय. जाताना आपापल्या टेबलावर आणखी एक प्रश्न घेऊन जा, आपल्या गावात या दिवाळीनंतर पहिली फेरी कोण मारणार?